दोन बावींच्या रेघा

आमच्या बाबांना आमच्या बावीचा, म्हणजे विहिरीचा, केवढा तोरा! सुर्ल्यात एवढी खोल बाव दुसरी नाही, हे ते पाहुण्याला चहा पुढे येण्याआधीच सांगायचे. गोव्याचं राज्य झालं त्याच मे महिन्यात ताईचं लग्न होतं. ते आमच्याच अंगणात, आमच्याच बावीच्या पाण्यावर होणार, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. शेजारच्या काकीची बाव उथळ, देवळाच्या तळीला लागून. शेताच्या मेरेवरून, म्हणजे बांधावरून, तिच्याशी बाबांचं बोलणं बंद होतं.

मी तेव्हा अकरावीत. वर्गात दोन रेघांची तुलना शिकवली होती: कुठली कुठून सुरू होते आणि कुठली किती तिरकी उतरते. मला त्याचा नादच लागला. नव्या वर्षापासून दर रविवारी दगड बांधलेली दोरी मी दोन्ही बावींच्या तळापर्यंत सोडायची. जेवढी दोरी भिजे तेवढं पाणी. काकी नको म्हणाली नाही. आलेखाच्या कागदावर आमची रेघ वरून सुरू झाली, पण घाटी उतरावी तशी खाली आली. काकीची खालून निघाली आणि जेमतेम कलली. शिगमो, म्हणजे आमची होळी, सरल्यावर पट्टी लावून दोन्ही पुढे ओढल्या, तर त्या लग्नाआधीच एकमेकींना छेदून गेल्या आणि आमची तळाला टेकली. अजून न उजाडलेला आठवडा कागदावर दिसत होता.

बाबांना दाखवलं तर हसले. ते गावच्याच खाणीवर पंप चालवायचे. खड्ड्यातून उपसलेलं पाणी दिवसभर आमच्या फाटकापुढच्या व्हाळातून वाहायचं. एवढं पाणी डोळ्यांसमोर असताना बाव आटेल कशी, म्हणाले.

एप्रिल सरता सरता कळशीत चिखल आला. कागदावर आमची रेघ टेकली होती त्याच आठवड्यात! ताई रडायला लागली. बाबा कागद मागून घेऊन ओसरीवर बसले. आमची रेघ एके ठिकाणी सपाट झाली होती, तिथं त्यांचं बोट थांबलं.

"हे शिगम्याचे दिस?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली. शिगम्यात खाण बंद, पंपही बंद. म्हणजे रोज सकाळी डबा घेऊन बाबा आपलीच बाव उपसायला जात होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

संध्याकाळी ते मेर ओलांडून काकीच्या दारात गेले आणि नुसतेच उभे राहिले. काकीनंच कळशी आणि दोरी आणून त्यांच्या हातात दिली. बाव माझी असली तरी पाणी कुठं माझं, एवढंच म्हणाली.

लग्नाच्या सकाळी, सनई सुरू झालेली असताना, मी तिच्या बावीत दोरी सोडली. पाणी कागदावर मी पुढे ओढलेल्या पेन्सिलीच्या रेघेवरच येऊन थांबलं होतं. देवाच्या पायांना हात लावताना वाटतं, तसं वाटलं.

ताई सासरी गेली, मांडव उतरला. दुसऱ्या दिवशी कामावर निघालेले बाबा फाटकाशी व्हाळ बघत उभे राहिले.

"खोल किती ताच बघलंय गो बाय," ते म्हणाले. "उतरता किती, ता बघूक नाय."

मग डबा उचलून ते पंप सुरू करायला गेले.