मागच्या सीटचा आवाज

माझं अक्षर वाईट आहे हे आधीच सांगते. शुद्धलेखनही नाही. चौथीनंतर शाळा सुटली आणि नंतर पेन हातात आलं ते सहीपुरतं. ऱ्हस्व कुठं, दीर्घ कुठं, अजून कळत नाही. लेकीची एक जुनी वही अर्धी कोरी राहिली होती, तिच्यात लिहिते आहे. कुणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घालाव्यात, आणि वाचली म्हणून मला सांगू नये. मला लाज वाटेल.

माझी लेक उदगीरच्या दवाखान्यात नर्स आहे. आम्ही राहतो मुखेडला. तिची ड्युटी कधी सकाळची, कधी दुपारची. एसटीचं आणि तिच्या ड्युटीचं काही जमेना, म्हणून तिनं गाडी घ्यायचं ठरवलं. तीही साधी नाही, हायब्रिड. पेट्रोलवरही चालते आणि बॅटरीवरही, आणि बॅटरी चार्जिंगला लावावी लागत नाही, चालता चालता आपली आपण भरते. लेकीनं कागदावर मांडून दाखवलं की रोजच्या जाण्यायेण्यात पेट्रोल इतकं वाचेल. पण गाडी महाग. बँकेचं कर्ज धरूनही दोन लाख कमी पडत होते.

ते दोन लाख मी माझ्या अक्काकडून आणले. अक्का माझी थोरली बहीण, जळकोटला असते. तिची पिठाची गिरणी आहे आणि गिरणीमागं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. ते पैसे तिनं स्लॅबसाठी जमवले होते. पत्र्याखाली उन्हाळ्यात काय होतं ते मला माहीत आहे, मी तिथं राहिलेली आहे. तिनं पैसे दिले आणि एवढंच म्हणाली, "दोन उन्हाळे काढीन बाई, तिसरा न्हाई." मी म्हणाले, दुसऱ्या उन्हाळ्यात अक्षयतृतीयेच्या आत देते. शब्द माझा होता. यांचा नाही, लेकीचा नाही.

आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते, तीस वर्षं. गाडी दसऱ्याला घरी आली. लेक चालवायची, हे तिच्या शेजारी बसायचे आणि मी मागं. पहिले काही महिने ह्यांचा जीव नुसता खालीवर. गाडी हळू झाली की इंजिन आपोआप बंद होतं, त्याची त्यांना सवयच होईना. लेक ह्यांना दादा म्हणते.

"बंद पडली! बंद पडली! बाजूला घे!"

"दादा, बंद न्हाई पडली. बॅटरीवर हाय."

"मंग आवाज कामून न्हाई?"

"आवाज न्हाई म्हणून तर महाग हाय."

त्यांचा उजवा पाय मोकळ्या जागेत ब्रेक दाबत राहायचा. अजूनही दाबतो. लेक म्हणायची, "दादा, पाय खाली जाईल पत्रा फोडून."

पहिलं वर्ष लोक गाडी बघायला यायचे. दुसऱ्या वर्षी कुणी बघत नाही, गाडी घरातल्या माणसासारखी होऊन जाते. फक्त गल्लीतल्या कुत्र्यांना ती अजून कळलेली नाही. आवाज नसल्यानं उठतच नाहीत. मला उतरून हाकलावी लागतात. पहिल्या वर्षात पेट्रोल खरंच वाचलं. लेक महिन्याला ते वाचलेले आणि वर पगारातले पैसे माझ्या हातात द्यायची, आणि वर्ष भरलं तेव्हा अक्काचे एक लाख मी देऊन आले. राहिले एक लाख, त्यातलेही निम्मे घरात जमले होते.

सीटवरचं शोरूमचं प्लास्टिक ह्यांनी वर्षभर काढू दिलं नव्हतं. उन्हाळ्यात ते मांडीला चिकटायचं, पण नाही म्हणजे नाही. दुसऱ्या दसऱ्याला गाडी धुतली, हार घातला आणि प्लास्टिक काढलं. माझी तयारी झालेली होती. मागच्या सीटसाठी मी गोधडी शिवली होती, जुन्या लुगड्यांची, सीटच्या मापाची, चार नाड्या लावून. मागच्या सीटच्या खालच्या अंगाला, उजवीकडं, पंजाएवढी एक काळी जाळी आहे. मला वाटलं, गाण्याचा आवाज हिच्यातून येत असेल. तिच्यात धूळ जाऊ नये म्हणून मी त्या बाजूला गोधडीची पट्टी लांब सोडली आणि जाळीवरून घेऊन खाली घट्ट बांधली. ह्यांनी वाकून बघितलं. "हे बेस केलंस," म्हणाले. माझ्या कामाला ते सहसा काही म्हणत नाहीत. मी दोन दिवस खुशीत होते.

दिवाळीनंतर मला आवाज यायला लागला. पिठाच्या डब्यात माशी अडकल्यासारखा. माझ्या उजव्या पोटरीमागं. गाडी बॅटरीवर असली की जास्त ऐकू यायचा, इंजिन लागलं की त्यात बुडून जायचा. पुढं बसणाऱ्यांना ऐकू येत नसणार, कारण कुणी काही बोललं नाही. मी दोनदा तोंड उघडलं. एकदा हे म्हणाले, "काय वं?" आणि मी म्हणाले, "काही न्हाई, खिडकी लावा." तीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाला गाडीतला आवाज मी काय सांगायचा?

संक्रांतीपर्यंत ॲव्हरेज उतरलं. गाडी पुढं काचेजवळ आकडा दाखवते, लिटरला किती किलोमीटर. बावीसचा अठरा झाला. इंजिन सारखं सारखं लागायला लागलं. हे लेकीवर घसरले.

"पाय जड पडून राहिलाय तुझा. रस्ता काय पळून चाललाय?"

"मी तशीच चालवते दादा, पहिल्यासारखी."

"मंग पेट्रोल कोण पितंय? तुझी माय?"

लेक हसायची नाही. कामावरून दमून आलेली, त्यात हे रोजचं. महिन्याला माझ्या हातात पडणारी रक्कम कमी झाली. मी मागं बसून आवाज ऐकायची आणि बोटांवर महिने मोजायची. बसल्या जागी माझा पाय हलत राहायचा. घरी भाकरी करतानाही कान लागलेला असायचा, तिथं काही नसताना.

होळीनंतर ज्वारीची दोन पोती घेऊन आम्ही अक्काकडं दळायला गेलो. पोती मागं माझ्या शेजारी ठेवलेली. अक्कानं दळण लावायच्या आधी केसाचा एक जुना ब्रश घेतला आणि गिरणीच्या मोटारीची जाळी खरवडून काढली. पीठच पीठ निघालं.

मी विचारलं, "रोज करतीस का हे?"

"करावंच लागतं बाई. हिला वारा मिळाला न्हाई की तापती. मागच्या साली एक मोटार जाळून बसले की मी. आधी चिरचिर करायची. मी म्हणलं करू दे. करता करता गेली."

मी दारातल्या गाडीकडं बघितलं. ती जाळी गाण्याची नव्हती. मीच ती झाकली होती, आणि दोन महिने ह्यांच्या तोंडचं लेक ऐकून घेत होती.

अक्का मला बाजूला घेऊन म्हणाली, "मिस्त्री ठरवला हाय. अक्षयतृतीयेला पत्रे काढणार. तुझं जमतंय ना?"

"जमतंय," मी म्हणाले.

परत येताना मी गोधडीची ती पट्टी हळूच वर केली आणि मांडीखाली दाबून बसले. दुसऱ्या दिवशी ह्यांनी गाडी पुसताना ती पुन्हा खाली ओढून बांधली. "लोंबून राहिली व्हती," म्हणाले. मी पुन्हा सोडली. त्यांनी पुन्हा बांधली. असं आठवडाभर चाललं. सांगायला दहा शब्द पुरे होते. रोज सकाळी मी ते मनात जुळवायची आणि चहा होईपर्यंत ते मोडायचे. आवाजही कमी होईना, कारण आत जायचं ते आधीच जाऊन बसलं होतं.

चैत्रात एक दिवस आम्ही तिघं ह्यांचे डोळे दाखवायला नांदेडला निघालो. कंधारच्या पुढं गाडीच्या पडद्यावर पिवळा त्रिकोण आला आणि खाली काहीतरी इंग्रजी. लेकीनं वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. "बॅटरीचं हाय," म्हणाली. हळूहळू चालवत गाडी नांदेडच्या सर्व्हिस सेंटरला नेली. डोळे राहिले.

तिथं काचेची खोली, गार हवा, भिंतीवर टीव्ही. मी खुर्चीच्या कडेवर बसले. गळ्यात कंपनीच्या कार्डाचा पट्टा घातलेला माणूस बाहेर आला आणि लेकीला म्हणाला, "मॅडम, बॅटरी गरम होतेय. आत काही गेलं असेल तर बदलावी लागेल. वॉरंटीत बसेल का, ते फोटो पाठवून बघावं लागेल. नाही बसलं तर लाखाच्या वर धरून चला."

हे लेकीला हळू म्हणाले, "देण्यासाठी ठेवलेले घरात हायेत. तुझ्या मावशीला सांगू, एक साल थांब म्हणून. ती काय बोलणार न्हाई."

ती बोलणार नाही, हे मलाही माहीत होतं. तीच तर अडचण होती. ती तिसराही उन्हाळा पत्र्याखाली काढेल आणि कुणाला काही म्हणणार नाही.

मी बोलले तर काय होईल हेही मला दिसत होतं. माणूस म्हणेल, चूक तुमची, वॉरंटी गेली. तरी मी उठले. त्या माणसाकडं बघवेना, म्हणून त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याकडं बघत म्हणाले, "साहेब, मागच्या सीटखाली एक जाळी हाय. ती माझ्या गोधडीनं झाकली व्हती. दसऱ्यापासून. आतून आवाज येतोय दिवाळीपासून. आधी जाळी बघा."

टीव्हीतली बाई तेवढी बोलत होती.

तो माणूस हसला नाही. "कुठली बाजू?" एवढंच विचारलं आणि मला गाडीपाशी घेऊन गेला. मी हात लावून दाखवलं. मेकॅनिकनं गोधडी सोडली, जाळी काढली. आतून चाळणीसारखी फिल्टरची पट्टी निघाली. ती धुळीनं, कापसानं, ज्वारीच्या भुशानं गच्च भरलेली. माझ्या लुगड्याचा हिरवा धागासुद्धा होता. आतल्या पंख्याला सगळं गुंडाळलेलं.

मेकॅनिक म्हणाला, "काकू, हा पंखा बॅटरीला वारा घालतो. तुम्ही त्याला गोधडीत झोपवला की."

आता मात्र लेक हसली. कितीतरी महिन्यांनी.

त्यांनी फिल्टर बदलला, पंखाही बदलावा लागला, त्याचे काही हजार गेले. बॅटरी तपासायला तीन तास लागले. ते तीन तास मी बसले नाही. खोलीच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, पाणी नको असताना पाणी. शेवटी पट्ट्याचा माणूस आला आणि म्हणाला, बॅटरी चांगली आहे, वेळेत आणली.

परत निघालो. कंधार आलं. मग हे मागं न वळता म्हणाले, "दिवाळीपासून ऐकू येत व्हतं तुला?"

"हाव."

"मंग बोलली कामून न्हाईस?"

"तुम्ही तीस वर्षं गाडी चालवलेले. मी काय सांगू?"

लेक पुढून म्हणाली, "आणि दादा, मला बोलणी बसली त्याचं काय? पाय जड, पाय जड. आता कुणाचा पाय जड हाय?"

हे खिडकीतून बाहेर बघायला लागले. पाय मात्र ब्रेक दाबतच होता. मी लेकीला म्हणाले, "माझं चुकलं बाई." ती आरशातून माझ्याकडं बघून म्हणाली, "चुकलं तर चुकलं. पुढच्या वेळी ओरड."

तेव्हापासून जळकोटच्या वाटेला लागलो की हे विचारतात, "मागं काय म्हणून राहिलीय गाडी?" मी नीट ऐकते आणि सांगते. कधी काच वाजते, कधी दाराचं रबर. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असतं की चेष्टा असते, ते मला अजून कळलेलं नाही. ॲव्हरेज वीसवर आलं, बावीस काही पुन्हा झालं नाही. माझी चुळबुळही पूर्ण गेली नाही. गाडी शांत असली की मी जास्तच कान देते.

पंख्याच्या खर्चानं लाखात कमी पडत होतं. लेकीनं दोन सुट्ट्या मोडून जादा ड्युट्या केल्या, आणि हे आपल्या पेन्शनीतले आणून माझ्यासमोर ठेवून गेले. अक्षयतृतीयेच्या चार दिवस आधी मी जळकोटला गेले. गिरणी चालू होती, दळणाला चार बाया थांबलेल्या. अक्कानं गिरणीचा पट्टा उतरवला, हात पदराला पुसले आणि आतल्या खोलीत खाटेवर नोटा मोजायला बसली. मधेच बाहेरून एका बाईनं "झालं का वं दळण?" म्हणून विचारलं आणि तिचा हिशोब चुकला. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. पत्र्याखाली दोघी घामानं निथळत होतो. मी तिच्या बोटांकडं बघत होते.

मोजून झाल्यावर अक्कानं गड्डी फडक्यात बांधली.

"पुरे हायेत," म्हणाली. "दोनाचे दोन लाख आले. फिटलं बाई."