भर पंगतीत विचारणारी विहीण

माझ्या थोरल्या मुलाची सासू गप्प बसलेली जुन्नर तालुक्यात कुणी पाहिली असेल तर त्यानं मला येऊन सांगावं, मी भर बाजारात टोपी उतरवून त्याच्या पाया पडेन. बाई आणे गावच्या कोरडवाहू पठारावरच्या, आम्ही वारूळवाडीचे, कालव्याच्या पाण्यावरचे. सोयरीक झाली त्या दिवसापासून जिरायत मोठी का बागायत, हे भांडण त्यांनी कधी मिटू दिलं नाही. आमच्याकडं जेवायला बसल्या की एक घास खाऊन भाकरी उलटीपालटी करून बघायच्या. "पाण्यावरची बाजरी, पावणं. पोट भरतंय, पण भाकर खाल्ल्यागत वाटत न्हाई." माझे टोमॅटो दाबून म्हणायच्या, "औषध मारून मारून पोरींच्या गालागत केल्यात." मीही काही कमी नाही. पठारावर गेलो की पाणी मागायचो, आणि ते पिऊन झालं की मुद्दाम दुसरा तांब्या मागायचो.

एकदा असाच गेलो तर विहीणबाई अंगणाच्या कोपऱ्यात वेगळ्या घोंगडीवर बसलेल्या. त्यांची सून लांबूनच वरून पाणी ओतत होती. बाजूला बसायची पद्धत त्यांच्या घरी कडक, ते मला ठाऊक होतं. पण साठी उलटलेली, पाळी जाऊन कैक वर्षं झालेली बाई बाजूला बसते, हे मी पहिल्यांदाच बघत होतो. दुसरी कुणी लाजेनं लपवलं असतं. ह्यांनी मलाच, व्याह्याला, हाक मारली, "बघा पावणं, कावळा शिवला मला! तुमच्या बागायतीत बायका चाळिशीत सुकत्यात. आमच्या जिरायतीचा वाण बघा!" मला तोंड कुठं फिरवावं कळेना. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्या हेच ऐकवत होत्या, आणि पोलिओचे डोस द्यायला आलेल्या नर्सबाईलाही त्यांनी ऐकवलं. नर्सबाई हसली नाही. "आजी, पाळी गेल्यावर परत अंगावरून जाणं चांगलं नसतं. डॉक्टर गाठा, लगेच."

पुण्याला आतलं खरवडून तपासलं. गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर निघाला. त्या काळी हे नाव घरात मोठ्यानं कुणी घेत नव्हतं. त्यांचा मुलगा हळूच म्हणाला, "आये, वय झालं आता, कापाकापी कशाला? घरी चल." बाई खाटेवर उठून बसल्या. "पिशवी माझी हाय. तू तिच्यातनं भाईर आलास म्हून काय सातबारा तुझ्या नावावर झाला व्हय?" मग डॉक्टरीणबाईंकडं वळल्या, "मरणार हाय का मी? सरळ सांगा."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पूर्वी बायका लपवून लपवून इतक्या उशिरा यायच्या की आमच्या हातात काही उरायचं नाही. तुमचा आजार अजून पिशवीतच आहे. पिशवी काढू, मग मशीनवर किरणांचा शेक देऊ. असं लवकर सापडलं तर आता पुष्कळ जणी बऱ्या होतात."

"मंग काढा," बाई म्हणाल्या, जसा काही दात काढायचा होता. शेकाच्या मशीनवर तर त्या भलत्याच नाराज. "नुसतं घुं घुं करतंय. चटका न्हाई, धग न्हाई. ह्याला शेक म्हणत्यात व्हय? माझी चूल बरी!" शेक संपेस्तोवर जुलाबानं अर्ध्या झाल्या, पण कुणाचा हात धरून चालल्या नाहीत.

बऱ्या झाल्या, आणि आमच्या सोयऱ्याधायऱ्यांच्या मांडवांवर संकट आलं. बुंदीची परात कमरेवर घ्यायच्या आणि पंगतीत प्रत्येक म्हातारीपुढं वाकून खणखणीत आवाजात विचारायच्या, "काय गं, पाळी गेल्यावर परत कापडाला काय लागलं का?" माझ्या धाकट्याच्या लग्नात मी म्हटलं, "अहो विहीणबाई, पंगत बसलीय!" त्या म्हणाल्या, "मंग? जेवणारे काय झाडाला लागले व्हते?"

त्याच पंगतीतून माझी बहीण, आंबेगावच्या डोंगरात दिलेली, ताटावरून उठली. विहीणबाई परातीसकट तिच्या मागं गेल्या. दुसऱ्या दिवशी दोघी पुण्याच्या गाडीत. पण बहिणीनं दोन पावसाळे कुणाला कळू दिलं नव्हतं, आजार पिशवीबाहेर पसरला होता. विहीणबाई डोंगरात जाऊन तिच्यापाशी राहिल्या, शेवटपर्यंत. तिथं त्यांनी कशालाही नावं ठेवली नाहीत.

दहाव्याला नदीकाठी माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. "पावणं, मागल्या लग्नात ती माझ्या शेजारी बसून जेवली व्हती. तवाच इचाराया पायजे व्हतं. मी लाडू कडक झाल्यात म्हून भांडत बसले."

आता कुठं लग्न ठरलं की भावकी कुरकुरते, म्हातारीला पंगतीत येऊ देऊ नका. मी सांगतो, ती येणार. ज्याला लाज वाटत असेल त्यानं घरी जेवावं. बाई थकल्यात, परात उचलत नाही. वाढपी पुढं जातो, त्या मागून काठी टेकत येतात, विचारतात, आणि नाही म्हणणाऱ्या म्हातारीपाशी जरा जास्तच थांबतात.