सुषमाचा अळणी श्रावण

"हिला मॅनिक डिप्रेशन आहे," नौपाड्यातले डॉक्टर सुषमाकडे बघत म्हणाले. आईने मला हळूच विचारलं, "बरं होणारं आहे ना गं?"

नर्सिंगच्या मुलींनो, तुम्ही याला बायपोलर डिसऑर्डर म्हणता. मन कधी उधाणतं, कधी पार बुडतं, आणि मधल्या काळात माणूस तुमच्याआमच्यासारखाच असतो. माझी धाकटी बहीण सुषमा वर्तकनगरच्या शाळेत शिकवायची. त्या उन्हाळ्यात तिची झोप उडाली. सारखी बडबड, आणि अख्ख्या कॉलनीला गाण्याच्या क्लासचं आमंत्रण. बाईसाहेबांना सुराचा गंध नाही! आम्ही आपले हसत होतो. दिवाळीनंतर तीच सुषमा भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. वेणीसुद्धा घालवेना. "ताई, मला जगायचं नाही," ती म्हणाली, तेव्हा आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी लिथियम सुरू केलं. हा एक क्षार, मनाचे चढउतार आवरतो. रक्तात कमी पडला तर उपयोग नाही, वाढला तर विष. म्हणून अधूनमधून रक्त तपासायचं. हळूहळू सुषमा उठली, जेवायला लागली, शाळेत परत गेली.

आईने गावच्या देवीला नवस बोलला होता, पोर बरी झाली की श्रावणभर अळणी जेवेल. मी फटकळ, म्हटलं, "नवस तू बोललीस, तूच पाळ की." पण सुषमाच म्हणाली, "असू दे गं ताई. माझ्यासाठीच बोललीय ना."

श्रावण सरत आला तसे तिचे हात थरथरायला लागले. मग उलट्या. चालताना झोकांड्या जायला लागल्या, जीभ जड झाली. आम्हाला वाटलं, आजार उलटला. गोळी मात्र नेमाने देत राहिलो.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "जेवणात काही बदल केलात?" आई मोठ्या श्रद्धेने म्हणाली, "महिनाभर मिठाचा कण दिला नाही हो."

डॉक्टर म्हणाले, "मीठ कमी पडलं की किडनी लिथियम बाहेर टाकत नाही. ते अंगात साठत गेलं, आजी." आई मटकन बाकावर बसली.

सलाइनवर सुषमा वाचली. हातांचा कंप आणि बोलण्यातली अडखळ मात्र कायमची राहिली. फळ्यावर अक्षर उमटेना, शाळा सुटली. याचं मला आजही वाईट वाटतं.

मुलींनो, गोळ्या घेता का विचारता, तसंच उपास-नवस काही आहे का, हेही विचारा. पण रागावून नको. आमच्या घरात सुषमाचं वाईट चिंतणारं कोणी नव्हतं.

हॉस्पिटलात लिथियमची गोळी बंद केली होती, त्या काळात सुषमा पुन्हा भिंतीकडे वळली. कमी डोस आणि वरचेवर रक्ततपासणी, असं ठरवून डॉक्टर लिथियम परत सुरू करू म्हणाले. आई हादरली. "त्या गोळीचं नाव काढू नका." त्या श्रावणानंतर तिने सुषमाच्या ताटात काही वाढलंच नव्हतं. सगळं मीच करायचे.

एक दिवस सुषमाने ताट माझ्याकडून काढून आईपुढे सरकवलं. शब्द जोडत, सावकाश म्हणाली, "हात थरथरले तरी चालतील. मला परत मरावंसं वाटायला नको. तू वाढ, आई."

आई रडत रडत वाढत होती. सुषमा पोटभर जेवली. मग तिने गोळी मागितली, आणि ती आईने दिली.