सुटकेचा कागद

मंडळी, आज सकाळी नेऱ्याकडच्या वाडीतली कमळाबाई माझ्या झेरॉक्सच्या दुकानात कागद लॅमिनेट करायला आली. वीटभट्टीच्या वेठबिगारीतून सुटल्याचा सरकारी दाखला होता.

वर इंग्रजीत ‘रिलीज’ लिहिलेलं. माझ्या लेकीने मोबाईलवर शोधलं. “बाबा, मूळ लॅटिन आहे. अर्थ, पुन्हा ढिलं करणं.”

कमळाबाई हसली. “बराबर हाय, शेट. दावं ढिलं केलंय, खुटा तितंच हाय. उद्या त्याच भट्टीवर चाललो. दुसरीकडं काम नाय, ऱ्हायाला जागा नाय.”

“मग कागद कशाला जपताय?”

“पोरांना दावायला. आमाला एकदा सोडलेलं.”

लॅमिनेशन पक्कं केलंय, पावसात भिजणार नाही. भट्टीवर त्याचा उपयोग काय? तुम्हाला सांगता येईल?