उरकुडाजींचं अंगण

उरकुडाजी वाढईंना, म्हणजे आमच्या शेजारच्या सुतारांना, मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते भर दुपारी डोळ्यांवर दुपट्टा बांधून स्वतःच्याच घरात चाचपडत हिंडत होते. आमचे मास्तर बदली होऊन सौंदडजवळच्या त्या गावात आले, त्याला दोनच दिवस झाले होते. स्वराज्याच्या आधीची ही गोष्ट. मी विरजण मागायला शेजारी गेले, तर हा उंच, वाळका माणूस चौकटीवर हात फिरवत थेट माझ्या अंगावरच आला. मी किंचाळले. त्यांनी दुपट्टा वर सरकवला आणि अगदी सहज म्हणाले, "भेऊ नोका, बाई. हे घर आंधऱ्याले दिसते का नाई, ते पाहून रायलो."

मी विरजण न घेताच परतले. नव्या गावात पहिला शेजारीच वेडा निघाला, म्हणून मास्तरांशी भांडलेही.

वेडबिड काही नव्हतं. त्यांच्या बायकोची, भागरताची, दृष्टी दोन वर्षांपूर्वी तापात गेली होती. पोरबाळ नव्हतं. भागरताची सासू विहिरीपलीकडे थोरल्या मुलाकडे राहायची आणि दिवसातून एकदा येऊन तेच ऐकवायची, "आंधरीच्या हातचं किती दिस खाशीन, बाबू? दुसरी आन." उरकुडाजींचा रंधा काही थांबत नसे. "घर बदलून रायलो ना, माय," ते म्हणत. "बायको कायले बदलू?"

आणि खरंच त्यांनी घर बदललं होतं. त्यांची दारं भिंतीलगतच्या खोबणीत सरकायची, कारण अर्धवट उघडं दार भागरताच्या कपाळावर दोनदा बसलं होतं. चौकटींवर कमरेच्या उंचीला खाचा होत्या. एक खाच लागली की स्वयंपाकघर, दोन लागल्या की धानाची कोठी. मिठाच्या मडक्याचं झाकण गोल बोंडाचं, तिखटाचं टोकदार, हळदीच्या झाकणाला बोंडच नाही. चुलीशेजारी एक लाकडी घोडी होती. तिच्यात भाताचा गंज, म्हणजे पातेलं, बसवून दांडी दाबली की गंज वाकायचा, माड, म्हणजे भातातलं जास्तीचं पाणी, निथळायचा आणि हाताला वाफ लागत नसे. ती घोडी पाहून मला तर हेवाच वाटला. मलाही एक करून द्या म्हटलं, तर म्हणाले, "तुमाले डोरे हायेत ना, बाई?" मी म्हटलं, "डोळे आहेत, पण हात भाजायचे थोडेच राहतात?" खूप हसले. आठ दिवसांत घोडी माझ्या चुलीशी आली.

प्रत्येक वस्तू ते आधी स्वतः डोळे बांधून वापरून पाहत. मग भागरता वापरी, आणि ती नाक मुरडून म्हणे, "असं नाई जमत." की पुन्हा रंधा. "डोरे दोनच असते, बाई," ते मला सांगत. "पन पायाले, हाताले, कोपराले, साऱ्यायलेच काई ना काई दिसते. आपन त्यायले विचारत नाई, येवढंच."

एवढं हुशार घर, पण मागचं अंगण मात्र मला बघवत नसे. विहिरीभोवती दोन हात रुंदीच्या पट्ट्यात मुरमाचे खडे विखुरलेले, चालताना पायाला टोचणारे. विहिरीचा काठ जमिनीलगत होता. ती दोन्ही भावांची सामायिक होती, आणि कठड्याचं नाव काढलं की थोरला म्हणे, "आंधरीसाठी विहिरीले कठडा बांधला तं सोयरे हासतीन." मी उरकुडाजींना चिडवायची, "घरात एवढ्या करामती करता, मग अंगणानं काय पाप केलंय?" ते हसत. भागरताही हसे. त्या हसण्यात काहीतरी दोघांचंच होतं, पण मला कधी विचारावंसं वाटलं नाही.

शेवटी थोरल्या भावानं सोयऱ्यांसमोर पैज लावल्यासारखंच केलं. आमच्या त्या मुलखात दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते, घरोघर पाहुणे उतरतात. येत्या मंडईला भागरतानं एकटीनं पाणी भरून, रांधून सगळ्या पाहुण्यांना वाढावं. जमलं तर दुसऱ्या लग्नाचा विषय कायमचा बंद. नाही जमलं तर तिरोड्याकडची मुलगी पाहून ठेवलेलीच होती. उरकुडाजी चिडून उठले, पण भागरतानं आतून उत्तर दिलं, "करीन मी."

भाऊबीजेला दोघं तिच्या भावाकडे आमगावला गेली. मंडईच्या सकाळी परतणार होती. इथे मी पुढाकार घेतला, दुसऱ्या कुणी नव्हे. आदल्या दिवशी शेजारच्या तिघींना गोळा केलं आणि म्हटलं, बिचारीकडे उद्या पाहुणे येणार, अंगण असं राहिलं तर पहिलं बोट त्यावरच ठेवतील. आम्ही माती कालवली, खडे चेपून वरून थर दिला, शेणानं सारवलं. तांदूळ सांडले तर वेचून घ्यावेत, असं अंगण झालं. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

सकाळी उरकुडाजींनी तिला रस्त्याकडच्या दारात उतरवलं आणि ते मागून आणलेली बैलगाडी परत करायला गेले. आम्ही चौघी कुडामागे लपलो. बोलायचं नाही, तिला ओळखता येतं का बघू, असं आमचं ठरलं होतं. भागरता घागर घेऊन मागच्या दारानं बाहेर आली. उंबऱ्याखाली पाय ठेवताच थबकली, तळवा जमिनीवर घासला आणि हसली. आमच्यातल्या एकीनं तोंडात पदर कोंबला. मग ती भरभर चालू लागली. कुठे थांबायचं ते पायच सांगतील, अशा खात्रीनं ती चालत होती. मी कौतुकानं पाहत राहिले. घागर पडल्याचा आवाज आला तेव्हाही मला क्षणभर काही कळलं नाही.

गावातले दोघे विहिरीत उतरले, तिला वर काढलं. ती गेली होती.

उरकुडाजी आले. रडले नाहीत. काठाशी बसून नखानं सारवण खरवडत राहिले. खालून एक खडा निघाला, मग दुसरा. "कोनं सारवलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "मी." कुडामागे लपलो होतो, गप्प राहिलो होतो, तेही सांगितलं. लपवण्यासारखं काय उरलं होतं?

हातातला खडा मुठीत धरून ते म्हणाले, "चूक माही हाये, बाई. तिनं म्हटलं होतं, खड्यायचं कोनाले सांगू नोका. लोक म्हनतीन, हे नाई घर चालवत, नवऱ्याचे खडे चालवते. मी तिचं आयकलो."

त्यांनी माफ केलं असं लोक म्हणाले. मला तसं वाटलं नाही, आजही वाटत नाही. कुणाच्या घरात गेले आणि एखादी वस्तू वेडीवाकडी दिसली, तर ती सरळ करायला माझा हात धजत नाही. आधी विचारते, ही इथे अशी का ठेवली आहे? लोकांना मी विक्षिप्त वाटते, वाटू दे.

दुसरं लग्न त्यांनी केलं नाही. थोरल्या भावानं पुढे स्वतःच्या हातानं विहिरीला कठडा बांधला.

पण त्याआधीची, तेराव्यानंतरची एक दुपार सांगायची राहिली. मी त्याच कुडाशी धुणं वाळत घालत होते. उरकुडाजी घराबाहेर आले, डोळ्यांवर दुपट्टा बांधलेला, हातात तिचीच घागर. उंबऱ्याखाली थबकले, तळवा जमिनीवर घासला आणि भरभर विहिरीकडे निघाले.

"थांबा!" मी जीव खाऊन ओरडले. "उरकुडाजी, थांबा!"

ते जागच्या जागी थांबले. काठ वीतभर राहिला होता. त्यांनी दुपट्टा सोडला, आधी विहिरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहऱ्यावर राग नव्हता. एखादी घोडी नीट वाकते की नाही हे पाहून झाल्यावर दिसायचा, तसाच चेहरा होता.

"आयकू येते, बाई," ते म्हणाले. "तिथून बोल्लं तं इथं आयकू येते."