गोळ्यांच्या थैलीचं माप

चामोर्शीच्या आठवडी बाजारात ताडपत्रीखाली एक बाई शिलाई मशीन घेऊन बसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. दोरा ती दातानं तोडायची आणि गिऱ्हाइकाशी बोलताना मशीन थांबवायची नाही.

माझं घर चामोर्शीतच होतं, पण नोकरी मुलचेऱ्याला, म्हणून घरी मी पाहुण्यासारखा यायचो. दिवाळीच्या सुट्टीत मुलीची सहल मोहर्लीच्या जंगलात निघाली होती. तिथं प्लास्टिक चालत नव्हतं, तेव्हा खाऊच्या गोळ्यांसाठी कापडी थैली हवी होती. वर्षभराची बापाची माया एका थैलीत भरून द्यावी, असा माझा थोर बेत होता.

“पोरीची मूठ केवढी हाये?” बाईनं विचारलं. “हात रिकामा आत जाते, पण भरल्या मुठीनं बाहेर आला पाह्यजे न.”

मी मोठ्या विश्वासानं बोटं वाकवून माप दाखवलं.

“कितवीत हाये?”

“चौथीत.”

तिनं हातानं चाक थांबवलं. “भाऊ, हे तं पाळण्यातल्या लेकराची मूठ झाली. घरी जाता का नाई तुमी?” मग दोऱ्याचा तुकडा माझ्या हातात दिला. “जा, मोजून आणा. मी अंदाजानं नाई शिवत.”

मी मात्र नऊ वर्षं अंदाजानंच बाप होतो.

घरी मुलीनं मूठ पुढे केली. मी मुठीभोवती दोरा गुंडाळला, गाठ मारली.

“झालं न बाबा? सोडा न आता हात.”

“थांब, माप चुकलं वाटते,” मी खोटं बोललो आणि पुन्हा मोजू लागलो.