भ्रम कायम

मनोरुग्णालयाच्या शिवणखोलीत सहा मशिनं होती. त्यांतली चार चालू होती आणि त्या चारांची तब्येत फक्त टाकेबाईंना कळायची. टाकेबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण तिथं एकदा नाव पडलं की पडलं, खरं नाव फायलीपुरतं उरतं. गेली सव्वीस वर्षं बायकांच्या वॉर्डांतला प्रत्येक झगा त्यांच्या हातून गेला होता. या झग्यांना नाडी लावायची नाही, खिसा ठेवायचा नाही, बटणं पाठीवर. कोणी नाडीचा फास करील, कोणी खिशात काही लपवील, म्हणून हे नियम. संध्याकाळी सगळ्या सुया मोजून सिस्टरच्या हवाली करायच्या. आणि मोजायच्या कोणी? टाकेबाईंनी. वीतभर पात्याची कात्रीही त्यांच्याच ताब्यात. जिला कागदावर वेडी ठरवली, तिच्याच हाती इमारतीतली सगळ्यांत मोठी कात्री बिनघोर सोपवायची आणि त्यात कोणाला काही खटकायचं नाही. शहाण्यांचा कारभार!

त्या आत आल्या तेव्हा बत्तीस वर्षांच्या होत्या. लग्न केलं नव्हतं, घरीच लोकांचं शिवण शिवायच्या. घरात आई, मोठा भाऊ आणि पोटुशी वहिनी. दादाला राग आला की मागचं-पुढचं दिसत नसे. एका दुपारी कशावरून तरी त्याचं आईशी वाजलं. कारण सांगायची लाज वाटावी इतकं फालतू होतं. आई जिन्याच्या तोंडाशी उभी होती. दादानं तिला ढकललं. जीव घ्यायचा म्हणून नसेल, पण ढकललं. बारा पायऱ्या होत्या. आई पुन्हा उठली नाही.

दादानं सगळ्यांना सांगितलं, पाय घसरला. बहिणीनं सांगितलं, ढकललं. भेटायला आलेल्या एकूण एक माणसाला सांगितलं. वहिनी मान खाली घालून बसून राहिली. लोक एकदा भावाकडं बघायचे, एकदा बहिणीकडं, आणि मग घाईघाईनं चपला घालायचे. महिना व्हायच्या आत दादानं ओळखीचा डॉक्टर गाठला. धक्क्यानं बिचारीचं डोकं फिरलंय, असं ठरलं. दादानं सही केली. दोन आठवड्यांत न्यायला येतो, म्हणाला. त्याचे ते दोन आठवडे काही संपले नाहीत.

वर्षातून एकदा समिती बसायची. टेबलामागं तीन डॉक्टर, कोपऱ्यात कारकून. प्रश्न ठरलेले. आज वार कोणता? शंभरातून सात वजा करत जा. टाकेबाई न अडखळता पार दोनपर्यंत खाली यायच्या. समितीतल्या एका डॉक्टरांना ते स्वतःला जमेना, ते कागदावर ताडून बघायचे. मग शेवटचा प्रश्न यायचा.

"तुमची आई कशी गेली?"

"दादानं जिन्यावरून ढकललं."

संपलं. फायलीत दोन शब्द पडायचे: भ्रम कायम. असे भ्रम वॉर्डात पुष्कळांचे कायम होते, म्हणून कारकुनानं पुढं त्याचा शिक्काच करून घेतला. पहिल्या वर्षी टाकेबाईंनी ते वाक्य ओरडून सांगितलं होतं. पुढं रडून सांगितलं, मग समजावून सांगितलं. अलीकडं शाळेत हजेरी द्यावी तसं सांगत होत्या.

"एकदा म्हण ना गं बाई, घसरली म्हणून," मोठ्या सिस्टर दरवर्षी म्हणायच्या. "तुझं काय जातंय?"

"माझं दुसरं आहे काय जायला, सिस्टर?"

शिवाय नुसतं बरं होऊन भागत नव्हतं, न्यायला नात्याचं माणूस लागायचं. रुग्णालय दरवर्षी दादाला पत्र पाठवायचं. उत्तर कधी आलं नाही. टाकेबाईंनाही आता दोरा ओवायला तीन-तीनदा प्रयत्न करावे लागत. चिडायलाही अंगात जोर लागतो, तो कुठून आणायचा?

या वर्षी समितीच्या दिवशी शिवणखोलीबाहेरच्या बाकावर एक मुलगी येऊन बसली. पंचविशीतली, मांडीवर पिशवी घट्ट धरलेली. टाकेबाई दारात आल्या आणि थबकल्या. हनुवटी थेट आईची.

"आत्या ना तुम्ही? मी... तुमच्या दादाची मुलगी."

टाकेबाई तिच्या शेजारी बसल्या. भाचीनं पिशवीतून पाकिटांचा गठ्ठा काढला.

"बाबा गेले. दोन महिने झाले. ही त्यांच्या कपाटात होती. फाडली नाहीत आणि फोडलीही नाहीत. मीच फोडली. आई तर मी शाळेत असतानाच गेली, विचारणार कोणाला? मला एवढंच माहीत, की आत्या भांडून लांब कुठंतरी निघून गेली."

दादा गेला म्हटल्यावर डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. आला तो नुसता थकवा. ते एक वाक्य त्यांनी सव्वीस वर्षं जपलं होतं ते एका माणसासाठी. कधीतरी तो समोर येईल आणि मान खाली घालून ऐकेल, एवढीच आशा होती. आणि तो आपला निघून गेला. सुटला!

"मी न्यायला आलेय," भाची म्हणाली. "पण इथले डॉक्टरसाहेब म्हणाले, तुम्ही एक जुनी गोष्ट धरून बसलाय. ती सोडली तर आजच सोडतील."

"कोणती गोष्ट ते सांगितलं?"

"नाही. आजाराचाच भाग आहे म्हणाले."

तिथंच सांगून टाकावं, असं टाकेबाईंच्या अगदी ओठांवर आलं. पण पाठीवर बटणं असलेला झगा घालून बसलेल्या बाईचं कोण खरं मानतं? ही पोरही मान डोलावेल, पाकिटं पिशवीत भरेल आणि पुन्हा फिरकणार नाही.

समितीपुढं वार झाला, सातांची वजाबाकी झाली. भाचीला बाजूच्या खुर्चीवर बसवलं होतं.

"तुमची आई कशी गेली?"

कारकुनानं शिक्का शाईत बुडवून तयार ठेवला होता.

"पाय घसरला," टाकेबाई म्हणाल्या.

तिघांनीही माना वर केल्या. "आणि तुमचे भाऊ?"

"भाऊ चांगला होता. मीच आजारी होते."

आईला या वेळी आपणच ढकलतोय, असं त्यांना वाटलं. अध्यक्ष मात्र खूश झाले. इतक्या वर्षांच्या औषधांचं चीज झालं, म्हणाले. टाकेबाईंना औषधं बंद करून अकरा वर्षं झाली होती, पण ते कोणी काढलं नाही. बरी झाल्याचा कागद तयार झाला, खाली भाचीची सही झाली. मोठ्या सिस्टर फाटकापर्यंत आल्या आणि परतल्या.

बसथांब्यावर दोघीच होत्या. भाचीनं आणलेले कपडे टाकेबाईंना सैल होत होते. खांद्याची शिवण आत घ्यायला हवी, हे त्यांच्या हातांना आपोआप जाणवत होतं.

"बरं झालं हो, तुम्ही मनातून काढून टाकलंत," भाची म्हणाली. "बाबा रागीट होते, पण मनानं वाईट नव्हते."

टाकेबाईंनी तिच्या पिशवीकडं बोट दाखवलं.

"तो कागद वाच बघू. मोठ्यानं."

"स्मरणशक्ती शाबूत. विचार सुसंगत. भ्रम नाही. सांगितलेल्या माहितीवर विश्वास ठेवण्यास हरकत नाही."

"खाली सह्या किती?"

"तीन. तिन्ही डॉक्टरांच्या."

"मग आता ऐक. तुझी आजी घसरली नाही. तुझ्या बापानं तिला ढकललं. मी समोर उभी होते."

"पण आत तर तुम्ही..."

"आत बोलले ते सुटण्यासाठी. हे तुझ्यासाठी. नको असेल तर अजून फाटक उघडं आहे, नेऊन सोड."

बस आली. दार उघडलं, कोणी चढत नाही बघून बंद झालं. भाचीनं कागद घडी करून पिशवीत ठेवला. मग तिनं विचारलं,

"आजी... लगेच गेली का गं?"

टाकेबाईंनी चमकून तिच्याकडं पाहिलं. सव्वीस वर्षं जो तो त्यांचं डोकं तपासत होता. आईला किती सोसावं लागलं, हे कोणी विचारलंच नव्हतं. आता मात्र डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

"नाही गं. अर्धा तास होती. माझ्या मांडीवर डोकं होतं तिचं. दादाचं नाव कोणाजवळ काढू नकोस, म्हणत होती. आयुष्यात तेवढं एकच मी तिचं ऐकलं नाही."